खोडकर मुलालाच शिक्षकाची जास्त गरज

प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतंच. मॉनिटरने फळ्यावर लिहिलेल्या नावांत त्याचं नाव रोज पहिलं. शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत त्याच्याबद्दल काही ठरावीक मतं ऐकू येतात. ती तपासून घ्यायला हवीत, कारण त्यांची किंमत ते मूल मोजतं.

गैरसमज : वागणुकीचं मूळ घरात, शाळा काय करणार?

वस्तुस्थिती : घराचा वाटा मोठा आहेच, पण शाळेचाही आहे. ब्रिजेट हॅमरे आणि रॉबर्ट पियांटा या अमेरिकी संशोधकांनी १७९ मुलांचा बालवाडीपासून आठवीपर्यंत मागोवा घेतला. त्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या शिक्षिकेशी ज्यांचे सतत खटके उडत, त्यांना पुढे अभ्यासात आणि वागण्यात जास्त अडचणी आल्या. मुलाची बौद्धिक क्षमता आणि सुरुवातीचं वागणं हिशेबात धरूनही हा संबंध दिसला. मुलग्यांमध्ये आणि आधीपासून त्रास देणाऱ्या मुलांमध्ये तो आठवीपर्यंत टिकला.

गैरसमज : आधी नीट वागू दे, मग जवळ घेऊ.

वस्तुस्थिती : मूल खोडी काढतं, शिक्षक रागावतात, मूल आणखी बिथरतं. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. ते थांबवणं मात्र मोठ्यांच्याच हातात जास्त असतं. पियांटा यांनी विकसित केलेल्या ‘बँकिंग टाइम’ पद्धतीत शिक्षिका त्या मुलासोबत नियमितपणे थोडा वेळ, दहा-पंधरा मिनिटं, एकटी बसते. काय खेळायचं ते मूल ठरवतं. ती शिकवत नाही, चुका काढत नाही, प्रश्नांची सरबत्तीही करत नाही. समोर घडतंय तेवढंच बोलते : “लाल ठोकळा सगळ्यात वर ठेवलास.” मूल त्या दिवशी कसंही वागलेलं असो, शिक्षा म्हणून ही वेळ रद्द करायची नाही. आपुलकी ही चांगल्या वागण्याची बक्षिसी नाही, हे मुलाला यातूनच कळतं.

गैरसमज : प्रेमाने वागलं की मुलं डोक्यावर बसतात.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियातल्या पाच माध्यमिक शाळांत गणिताच्या शिक्षकांच्या एका गटाला एक छोटा ऑनलाइन उपक्रम दिला गेला. मूल असं का वागत असेल याचा विचार करायचा आणि शिस्त लावतानाही नातं तुटू द्यायचं नाही, एवढाच त्याचा गाभा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपैकी ९.६ टक्के वर्षभरात निलंबित झाले. उपक्रम केलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत ते प्रमाण ४.८ टक्के होतं.

गैरसमज : दोन फटके दिल्याशिवाय वळण लागत नाही.

वस्तुस्थिती : शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. वर्गासमोर अपमान करणंही त्यात बसतं. माराने मूल तेवढ्यापुरतं गप्प बसतं. राग आला तर काय करायचं, हे मात्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गैरसमज : नातं जुळलं की सगळे प्रश्न सुटतात.

वस्तुस्थिती : फळा नीट न दिसणं, कमी ऐकू येणं, अध्ययन अक्षमता, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) अशी कारणंही वागण्यामागे असू शकतात. त्यासाठी तपासणी आणि तज्ज्ञांची मदत लागते. पण हे मूल ‘मस्तीखोर’ नाही, त्याला फळाच दिसत नाहीये, हे ओळखायलाही त्याला जवळून पाहणारं माणूस लागतं.

गर्दीच्या वर्गात हे सोपं नाही. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. म्हणून पालकांनी शाळेकडे कडक शिस्तीचा आग्रह धरण्याआधी पुरेसे शिक्षक मागावेत. आणि शिक्षकांनी उद्यापासून फळ्यावरच्या यादीतल्या पहिल्या मुलाशी रोज एकदा तरी, तक्रारीचा विषय न काढता बोलावं.