जुन्या मोटारीची पुढची चाके

बैलगाडीत बसून ज्याने खडकाळ वाटेने प्रवास केला आहे, त्याला वाहनाला स्प्रिंग कशासाठी हवी हे वेगळे सांगावे लागत नाही. बैलगाडीचा सांगाडा सरळ कण्यावर टेकलेला असतो. चाक दगडावर चढले की तो धक्का जसाच्या तसा बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोचतो. बैलाच्या चालीला हे चालून जाते; ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाला चालत नाही. म्हणून टांग्याखाली पोलादी पाटे आले आणि पुढे मोटारीनेही तेच पाटे स्वीकारले. चाक आणि गाडीचे अंग यांना जोडणारी ही जी लवचीक व्यवस्था, तिलाच सस्पेन्शन म्हणतात.

जुन्या मोटारी हौसेने सांभाळणारे लोक आज महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. कुणाकडे वडिलांची फियाट असते, कुणाकडे शेतावरची जीप, तर कुणाकडे एके काळी साहेबांची म्हणून ओळखली जाणारी ॲम्बॅसिडर. गाडी उभी राहिली, रंगली, सुरू झाली की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो पुढचे सस्पेन्शन ‘सुधारून घेण्याचा’. ही सुधारणा म्हणजे नेमके काय आणि ती कोठे थांबवावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय यंत्राचा असला तरी समजण्यास अवघड नाही, तेव्हा कला शाखेच्या वाचकांनी बिचकण्याचे कारण नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धक्का स्प्रिंग झेलते हे खरे, पण ती तो नाहीसा करीत नाही. दाबलेली स्प्रिंग उसळणारच. ती एकटी असेल तर एका खड्ड्यानंतर गाडी झोपाळ्यासारखी वरखाली होत राहील. ही उसळी जिरवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून जोराने ढकलले जाते आणि उसळीतील शक्तीची उष्णता होते. लांबच्या खडतर प्रवासानंतर शॉक ॲब्सॉर्बर हाताला गरम लागतो, तो यामुळेच. थोडक्यात, स्प्रिंग भार आणि धक्का पेलते, तर शॉक ॲब्सॉर्बर चाकाला रस्त्याला धरून ठेवतो. आराम हे सस्पेन्शनचे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे काम पकडीचे आहे, आणि जीव त्या अर्ध्यावर अवलंबून असतो.

आता आपल्या ओळखीच्या तीन गाड्या पाहू. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि पुढे तीच ‘पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोचली. तिची पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. प्रत्येक चाक खालीवर अशा दोन आर्मांवर डोलते आणि भार गुंडाळीच्या स्प्रिंगवर येतो. ॲम्बॅसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती. तिची चाकेही स्वतंत्रच, परंतु तेथे गुंडाळीऐवजी पोलादाची लांब सरळ दांडी असते. चाक वर गेले की ती दांडी पिळली जाते आणि तो पीळच स्प्रिंगचे काम करतो. जुन्या जीपची गोष्ट निराळी. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडावयास घेतलेल्या या गाडीला पुढेही एकसंध आस आणि पाटे होते. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. बसणाऱ्याचे हाल होतात खरे, पण बांधणी दणकट असते आणि खेड्यातला लोहारही पाटा सरळ करून देऊ शकतो.

मग मागच्यापेक्षा पुढच्या सस्पेन्शनचीच चिंता अधिक का करावयाची? कारण पुढची चाके भार वाहतात तशीच वळतातही. शिवाय ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांवर पडते. चाक ज्या खिळ्याभोवती वळते त्या किंगपिनचा माथा किंचित मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा पाहा, तोही असाच तिरपा असतो. या कलामुळे वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ होऊ पाहते. सायकलवर थोडा वेळ हात सोडता येतात त्यामागे हेही एक कारण आहे. हा कल काही अंशांनी जरी बिघडला तरी गाडी रस्ताभर भरकटू लागते.

उंच दिसावी म्हणून जीपला जादा पाटे टाकणे किंवा पाट्याच्या टोकाचे शॅकल लांब करणे, यातला धोका येथेच आहे. गाडी उंच होते, पण पाट्याचा कल बदलतो आणि त्याबरोबर किंगपिनचाही. स्टिअरिंगचे दांडे मूळ उंचीसाठी बेतलेले असतात, ते तिरपे पडतात. मग प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपणहून हिसका देते. उलट ऐटीसाठी स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली तर आर्मांना हलावयास जागा उरत नाही आणि धक्का सरळ सांगाड्यावर जातो.

म्हणूनच जाणता मिस्त्री सुधारणेआधी तपासणी करतो. गाडीचा पुढचा कोपरा जोराने दाबून सोडावा. ती वर येऊन स्थिरावली तर ठीक, डोलत राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर संपले. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर किंगपिन, बुश वा बेअरिंग झिजलेले आहे. टायर एकाच कडेने झिजत असेल तर चाकांची ठेवण बिघडली आहे. अनेकदा ‘ही गाडीच अशी आहे’ असे आपण ज्याला म्हणतो, तो गाडीचा स्वभाव नसून चार रबरी बुशांचे म्हातारपण असते.

दुरुस्तीचेही काही नियम आहेत. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. हवेत लोंबकळताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दाबलेली गुंडाळी स्प्रिंग योग्य अवजाराशिवाय कधीही सोडू नये, ती माणसाचा जीव घेऊ शकते. ॲम्बॅसिडरच्या डाव्या-उजव्या दांड्यांची अदलाबदल करू नये, कारण प्रत्येकीला एकाच दिशेच्या पिळाची सवय झालेली असते. आणि काम कोणतेही असो, शेवटी चाकांची ठेवण मोजून घ्यावी. एवढे झाल्यावर चांगले शॉक ॲब्सॉर्बर आणि योग्य मापाचे टायर घातले, तर बहुतेक जुन्या गाड्यांना याहून अधिक सुधारणेची गरजच राहत नाही.

मूळ बांधणीच बदलावयाची असेल तर काम किती वाढते, याचे उदाहरण जीपच्याच घराण्यात आहे. २०१० मध्ये महिंद्रांनी ‘थार’ आणली. तिला मागे पाटेच ठेवून पुढे पिळाच्या दांडीचे स्वतंत्र सस्पेन्शन दिले. पण त्यासाठी सांगाड्याचा पुढचा भाग, स्टिअरिंगचे दांडे आणि चाकांना शक्ती पोचवणारे दांडे या सर्वांची नवी जुळणी करावी लागते. कारखान्यात हे अभियंते करतात आणि चाचणी घेऊन करतात. गॅरेजमध्ये वेल्डिंगच्या ठिणगीवर तेच करू जाणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण तीही मूळ स्वरूपात जपलेली असली तरच.

उदगीरच्या परिसरातील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता फार काळ सपाट राहत नाही. देगलूरकडे जा की बीदरकडे, येथे सस्पेन्शनची परीक्षा रोजची आहे. अशा रस्त्यावर घरची माणसे घेऊन निघणाऱ्याने गाडी किती उंच किंवा किती ऐटदार झाली हे न पाहता, चाक रस्ता धरून आहे की नाही हे पाहावे. किल्ल्याच्या ढासळत्या भिंतीचा जीर्णोद्धार करताना आपण नवा मजला चढवत नाही, निखळलेला चिरा मूळ जागी बसवतो. जुन्या मोटारीच्या बाबतीतही आधी झिजलेले ते नीट करणे हीच पहिली आणि बहुधा सर्वांत मोठी सुधारणा होय.