डोळ्याला पात लागली, मग बुरशी कुठून आली?

ऊसतोडीत पात डोळ्याला लागते, मळणीत कुसळ उडतं. दोन दिवस पाणी येतं, मग बरं वाटतं. आठवड्याभराने डोळा पुन्हा लाल होतो, उजेड सोसत नाही आणि बुबुळावर पांढुरका ठिपका दिसतो.

‘बुरशी भाकरीला लागते, डोळ्याला कशी लागेल?’ हा पहिला गैरसमज. फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस या बुरश्या शेतातल्या मातीत आणि पाचटात असतातच. धडधाकट डोळ्यात त्यांना सहसा शिरकाव मिळत नाही. पण बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यावर ओरखडा उठला की वाट मोकळी. बुरशी सावकाश वाढते, म्हणून मधले बरे दिवस फसवे असतात.

सगळ्यात महागात पडतो तो ‘मेडिकलमधून लालीचे थेंब आणले की झालं’ हा समज. अशा कित्येक बाटल्यांत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं सापडेल. स्टेरॉइडने लाली आणि ठणका खरोखरच कमी होतो, आणि घात होतो तो इथेच. ते शरीराचा प्रतिकार दाबतं, बुरशीला मात्र मारत नाही. पेशंट खूश, बुरशीही खूश! नुसतं अँटिबायोटिकही बुरशीवर चालत नाही. ताज्या ओरखड्यात जिवाणू शिरू नयेत म्हणून डॉक्टर ते देतात, ती गोष्ट वेगळी.

जिभेने कुसळ काढणं, मध, एरंडेल, अंगावरचं दूध यांबद्दल एवढंच : जखमेत आणखी जंतू जातात. डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा, चोळू नये. रुतलेलं कुसळ डॉक्टरांनीच काढावं.

‘आठ दिवसांत बरं होईल’ हेही खरं नाही. डॉक्टर जखम हलकेच खरवडून निघालेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे तंतू बहुतेकदा तिथेच दिसतात. मग नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला दर तासाला, पुढे कित्येक आठवडे. दक्षिण भारतातल्या 323 रुग्णांवरच्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे जुनं औषध नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. पण ते खोलवर मुरत नाही. उशीर झाला तर पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि जखम भरली तरी फूल राहू शकतं.

तपासणीला जाताना आधी घातलेल्या थेंबांची बाटली सोबत न्या, रिकामी असली तरी. त्यात स्टेरॉइड होतं का, हे डॉक्टरांना कळायलाच हवं.