तापीकाठचे भजन आणि उतारवयाची स्मृती

बऱ्हाणपूर म्हटले की मुमताज महल आणि असीरगड आठवतात. या शहराचे संगीताशी असलेले नाते मात्र फारसे कुणाच्या ध्यानी येत नाही. कर्नाटकातून आलेल्या पुंडरीक विठ्ठल या पंडिताने सोळाव्या शतकात येथील फारुकी राजवटीच्या आश्रयाने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आज येथील मराठी घरांतल्या वृद्धांचे संगीत म्हणजे मुख्यतः भजन. तापी येथून खाली जाऊन चांगदेव येथे पूर्णेला मिळते. जवळच मुक्ताईनगर आहे. तेथून पंढरीस निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीत मध्य प्रदेशातील वारकरीही चालतात.

भजन हे केवळ ऐकायचे संगीत नव्हे. त्यात टाळ वाजवायचा, पावली खेळायची आणि बुवांनी म्हटलेला चरण साऱ्यांनी मिळून उचलायचा असतो. लांब चरण म्हणताना श्वास खोल घ्यावा लागतो आणि जपून सोडावा लागतो. पावलीची गोष्ट तर विशेष आहे. कंपवाताच्या रुग्णाचे अडखळणारे पाऊल ठरावीक ठेक्याच्या आधाराने सावरते, हे ओळखून त्यावर उपचारपद्धती उभी राहिली आहे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांना बोलता न येणारे शब्द गाऊन म्हणता येतात. त्यावर आधारलेली पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत मांडली गेली.

स्मृतिभ्रंशाविषयी अधिक सांगावेसे वाटते. लायप्झिग येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की मेंदूतील ज्या भागांत जुन्या, ओळखीच्या गाण्यांची स्मृती असते, ते भाग अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरा झिजतात. म्हणूनच मुलांची नावे विसरलेली आजी लहानपणीचा अभंग अखेरपर्यंत म्हणू शकते.

बऱ्हाणपुरासारख्या सीमावर्ती गावाची अडचण नेमकी येथेच आहे. आजीचे बालपण मराठीत गेले. नातवंडांचे शिक्षण मात्र हिंदीत किंवा इंग्रजीत. उतारवयात अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि बालपणीची उरते. त्या वेळी घरात तिची ओवी ओळखणारे कुणीच नसेल, तर औषधाच्या बाटलीवरील नाव पुसले जावे तशी गत होते. गोव्यातील घरांनाही हे परके नाही. धालोची गाणी किती सुनांना ठाऊक आहेत, हे आपले आपणच आठवून पाहावे.

अर्थात संगीताने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. या विषयावरील अभ्यासांचा कोक्रेन संस्थेने २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार रुग्णांची उदासी आणि वर्तनाचे त्रास कमी होण्यास संगीताची मदत होते, पण चिडचिडेपणावर फारसा परिणाम दिसत नाही. शिवाय वृद्धांची श्रवणशक्ती मंद झालेली असते. ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवण्याऐवजी आधी कानांची तपासणी करून घ्यावी. ऐकू न येण्याकडे दुर्लक्ष झाल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. आई-वडिलांना त्यांच्या तरुणपणातील गाणी विचारावीत आणि त्यांच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. गाण्यापुढे त्याची चाल कुणाकडून आली, ते कोणत्या प्रसंगी म्हणत, हेही लिहावे. पुढे रुग्णाची शुश्रूषा करणारी व्यक्ती परक्या भाषेची असली, तरी कोणते गाणे केव्हा लावावे, हे तिला कळेल.