घोणस अळीची ओळख

रत्नागिरीच्या नारळ-आंब्याच्या बागांतून पानांच्या खालच्या अंगास कधीं कधीं एक आखूड, हिरवी अळी आढळते. पाठीवर निळसर पट्टे, अंगावर काट्यांचे झुबके आणि पाय न दिसतां गोगलगाईसारखी सरकणारी चाल, या तिच्या खुणा होत. पुढें तिचाच हिरव्या पंखांचा पतंग होतो.

२०२२ सालीं महाराष्ट्रांत उसावर सांपडलेल्या तिच्या जातभाईंना लोकांनीं घोणस सापाचें नांव दिलें आणि दंशानें माणूस दगावतो अशी आवई उठली. कृषितज्ज्ञांनीं ती खोडून काढली. वस्तुतः ही अळी चावत नाहीं. स्पर्श होतांच तिचे पोकळ काटे त्वचेंत मोडतात व विषानें आग होते. काटे चिकटपट्टीनें उचलून जागा साबणानें धुवावी. धाप लागल्यास मात्र तत्काळ डॉक्टर गांठावा.