आमवाताला दमछाक मानवते का?

सांगलीच्या एका वाचक बाईंनी विचारलंय. वय 44, सहा वर्षांपासून आमवात, मेथोट्रेक्सेट हे औषध चालू, सध्या सांधे बऱ्यापैकी शांत. फिजिओथेरपिस्टनं त्यांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं आणि सांगितलं, ‘धड बोलता येणार नाही इतकी धाप लागू दे.’ घरी सासूबाई म्हणतात, ‘आधीच सांधे झिजलेत, त्यात हे नसतं खूळ कशाला?’ ऐकायचं कोणाचं?

सासूबाईंची भीती अगदीच बिनबुडाची नाही, पण ती दुसऱ्याच दुखण्याची आहे. उतारवयात गुडघ्यातली कूर्चा झिजते, तो आजार वेगळा (आणि व्यायाम त्यातही वर्ज्य नाही). आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, फोफावतं आणि शेजारची कूर्चा नि हाड कुरतडू लागतं. सांधा कमी वापरला म्हणून हे कुरतडणं थांबत नाही, त्याला औषधच लागतं. विश्रांतीनं मात्र दोन गोष्टी नक्की बिघडतात. एक म्हणजे स्नायू. या आजारात ते आतल्या आत घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे वजनकाट्यावर काहीच कळत नाही. दुसरं हृदय. आमवाताच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळजवळ दीडपट असतो.

गंमत म्हणजे वैद्यकशास्त्र स्वतः बराच काळ सासूबाईंच्याच पक्षात होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आमवाताच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवत, सांधे हलू नयेत म्हणून फळ्या नाहीतर प्लास्टर बांधत. 1948 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्ण बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चक्क खरेदीला बाहेर पडली. 1950 मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण रुग्णाला खाटेवरून उठवून थेट सायकलवर बसवणाऱ्या माणसाचं नाव फारसं कोणी घेत नाही, आणि मला त्याच्याबद्दलच लिहायचंय.

ब्यॉर्न एकब्लोम हा स्टॉकहोमचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ. माणसाचा दम मोजणं हा त्याचा खास प्रांत. खेळांच्या जगात त्याचं नाव निघतं ते 1972च्या एका प्रयोगामुळे. त्यानं धडधाकट माणसांचं रक्त काढून ठेवलं, काही आठवड्यांनी त्यातल्या तांबड्या पेशी त्यांच्याच अंगात परत भरल्या, आणि ती माणसं ट्रेडमिलवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकली. पुढे सायकल शर्यतींना बदनाम करणाऱ्या ‘ब्लड डोपिंग’ची शास्त्रीय पायाभरणी ती हीच. (प्रयोग दम कशावर अवलंबून असतो हे शोधण्यासाठी होता, लबाडी इतरांची.) त्यानंतर दोन-तीन वर्षांतच हा गृहस्थ आमवाताच्या रुग्णांकडे वळला. खेळाडूला लावतात तीच फूटपट्टी त्यानं या रुग्णांना लावली: किती वॅटला किती ठोके, किती प्राणवायू. लक्षात आलं की ही माणसं केवळ दुखण्यानं नाही, तर दम नसल्यामुळेही थकतात. आणि दम तर वाढवता येतो!

काही आठवड्यांच्या व्यायामानं तो वाढलाही. मग 1981 मध्ये त्यानं रॉल्फ नॉर्डेमार या डॉक्टरांच्या जोडीनं चार ते आठ वर्षं नेमानं व्यायाम केलेल्या 23 रुग्णांची व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना छापली. क्ष-किरण चित्रांत व्यायाम करणाऱ्यांचे सांधे अधिक खराब झालेले दिसले नाहीत. आमवातावर मेथोट्रेक्सेट सर्रास दिलं जाण्यापूर्वीचा, सोन्याची इंजेक्शनं नि ॲस्पिरिनचा तो जमाना, हे ध्यानात घेतलं की या दोघांच्या धाडसाची कल्पना येते. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे ज्यांना झेपलं तेच टिकले असा आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे.

त्या आक्षेपाला उत्तर मिळालं नेदरलँड्समध्ये, 2003 साली. 309 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा सव्वा तास व्यायाम: 20 मिनिटं सायकल, मग ताकदीच्या कसरती, आणि शेवटी बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, फुटबॉल. आमवाताची माणसं स्मॅश मारताहेत, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. व्यायाम करणाऱ्यांना रोजची कामं अधिक नीट करता येऊ लागली, मनःस्थिती सुधारली. हातापायांच्या लहान सांध्यांची हानी अधिक वाढली नाही. मात्र ज्यांचे गुडघे, खांदे यांसारखे मोठे सांधे आधीच बरेच खराब होते, त्यांच्यात हानी किंचित जास्त वाढलेली दिसली. बातम्यांतून नेमकं हेच वाक्य गळतं.

बातम्यांवरून आठवलं. अधूनमधून ‘दहा आठवड्यांत आमवात आटोक्यात’ छापाचे मथळे फिरतात. त्यांच्या मुळाशी बहुधा 2018चा ड्यूक विद्यापीठातला प्रयोग असतो. त्यात ट्रेडमिलवर थोडा वेळ झपाझप, थोडा वेळ सावकाश असं चालायचं होतं, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास. आजाराची तीव्रता 38 टक्क्यांनी उतरली. पण सहभागी होते 12, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. संशोधकांनी स्वतःच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटलं होतं. त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणं हा शुद्ध आततायीपणा.

तरीही व्यायामानं दाह खरोखर उतरत असेल का? कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटानं या प्रश्नाला मजेदार वळण दिलं. राबणारा स्नायू रक्तात इंटरल्यूकिन-6 सोडतो. आता हा रेणू आमवातातला नामचीन गुंड. त्याला रोखण्यासाठीच टोसिलिझुमाब हे औषध निघालं. मग व्यायामानं आजार भडकायला हवा! तसं होत नाही, कारण वळवाची सर आणि छपराची गळती यांत पाणी तेच असलं तरी भिंत कुजते ती गळतीनं. व्यायामातली उसळी काही तासांत ओसरते आणि जाताना दाहशामक रेणूंना जागं करून जाते. 2003 मध्ये याच गटानं निरोगी तरुणांना जिवाणूंचं विष अल्प मात्रेत टोचलं. बसून असलेल्यांच्या रक्तात टीएनएफ हा दाहकारक रेणू वाढला. सायकल मारत असलेल्यांमध्ये तो दबलेलाच राहिला.

तेव्हा सांगलीच्या बाईंना उत्तर असं: सांधे शांत आहेत, औषध चालू आहे, तर धाप लागू द्या. सायकलवर वजन सीटवर जातं, गुडघ्यांवर फार येत नाही. सकाळची आखड सुटल्यावर बसा. जोर दर आठवड्याला थोडाथोडा वाढवा. एखादा सांधा गरम, लालबुंद झाला तर त्याला त्या दिवशी सुट्टी, बाकीच्यांना नाही. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर पुढच्या वेळी जोर कमी करा. मानेच्या वरच्या मणक्यांत आमवात उतरला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानेला हिसका बसेल असं काही नको. आणि सासूबाईंना गुडघेदुखी असेल, तर दुसरी सायकल आणायलाही हरकत नाही.