कारापुल्क्रा : वाळवलेल्या बटाट्याचा रस्सा

पेरूमधल्या सर्वांत जुन्या रश्शांपैकी हा एक. त्याचा जीव आहे ‘पापा सेका’त, म्हणजे वाळवलेल्या बटाट्यात. बटाटे उकडायचे, सोलायचे, बारीक तुकडे करून उन्हात खडखडीत वाळवायचे. आपल्या उन्हाळी वाळवणासारखंच. असा बटाटा बराच काळ टिकतो. रश्शात घालण्याआधी तो कोरडाच खमंग भाजतात आणि मग पाण्यात भिजवतात. भाजणं टाळलं, तर कारापुल्क्राची खरी चव येत नाही.

कांदा, लसूण, जिरं आणि ‘आही पांका’ या गडद लाल मिरचीचं वाटण तेलात परततात. त्यात मांस, बटाटा, लवंग, दालचिनी घालून मंद आचेवर रटरटू देतात. दाटपणा येतो तो भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटाने. काही घरांत थोडी गोड वाइन किंवा चॉकलेटचा तुकडाही पडतो. पूर्वी लामा-अल्पाकाचं मांस वापरत. डुक्कर आणि कोंबडी 16व्या शतकात स्पॅनिशांबरोबर आली.

दक्षिण किनाऱ्यावरच्या चिंचा भागात मात्र ताजा बटाटा घालतात. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या पेरूवासीयांच्या लग्नाकार्यात कारापुल्क्रासोबत ‘सोपा सेका’ हवाच. नावात सूप असलं तरी या मसालेदार शेवया कोरड्याच असतात. दोन्ही एकाच ताटात शेजारी वाढतात.

बटाटा, मिरची, शेंगदाणा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडांतली पिकं. मराठी स्वयंपाकघराने ती इतकी आपलीशी केली, की त्या खंडांचं हे ऋण आवर्जून सांगायला हवं.