वैशाखी कंदील घरीच का करावा?

वैशाख पौर्णिमा जवळ आली की वस्तीच्या नाक्यावर प्लास्टिकच्या पंचरंगी पताकांचे ढीग लागतात. एप्रिलमध्ये त्याच हातगाडीवर निळे झेंडे असतात. आमचे धम्मबांधव हौसेने घेतात, दाराला बांधतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच पताका गटाराच्या तोंडाशी अडकलेल्या दिसतात. ज्या झेंड्यावर परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा छापली, तोच पायदळी जातो. याची खंत किती जणांना आहे?

वकील म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचे थर्माकोल यांच्या विक्रीवर व वापरावर देशभर बंदी आहे. संविधानाच्या शिल्पकाराच्या जयंतीला बेकायदा माल टांगणे आम्हाला शोभत नाही. पण आमचे खरे म्हणणे कायद्याच्या धाकाचे नाही.

शेजारीपाजारी वर्षभर सण चालतात. रंग, दिवे, गोडधोड. आमच्या मुलांना आम्ही 22 प्रतिज्ञांतले 'हे करणार नाही' तेवढे पाठ करून दिले. ते योग्यच. पण 'मग आपल्याकडे काय?' या त्यांच्या प्रश्नाला विकतची माळ हे उत्तर नव्हे. वस्तीतली कित्येक पोरे गणपतीच्या मंडपात रात्ररात्र जागतात, ती काही भक्तीने नव्हे. तिथे त्यांच्या हातात कोणीतरी कात्री आणि खळीचा डबा देतो, कामाला लावतो. आम्ही मात्र त्यांना सभेत सतरंजीवर बसवून भाषणे ऐकवतो!

श्रीलंकेत वैशाखात कामट्या आणि पातळ कागदाचे कंदील घरोघर तयार होतात. बौद्ध ध्वजही तिथलाच. 1885 साली कोलंबोच्या समितीने तो तयार केला. बाबासाहेब 1950 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्याच देशात गेले होते. हा ध्वज एकदा लेकरांना घेऊन घरी कागदाचा करून पाहा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे चिकटवले की धाकटे पोर विचारतेच, सहावा कुठला? सहाव्यात त्याच पाच रंगांचे आडवे तुकडे एकाखाली एक बसवायचे असतात. बाजारच्या कित्येक पताकांत हा पट्टाच नसतो, नाहीतर क्रम चुकलेला असतो. विकत घेणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. स्वतः चिकटवणाऱ्याला मात्र रंगांचा अर्थ विचारल्यावाचून राहवत नाही, आणि मग आईबापांनाही तो वाचून सांगावा लागतो.

कंदिलाचे तसेच. कामट्या तासणे, सुतळीने आवळणे, मैद्याची खळ शिजवणे, कागद सुरकुती न पडता ताणणे, या कामाला दोन संध्याकाळी आणि अख्खे घर लागते. अख्खे घर म्हणजे बापसुद्धा. खळ, खीर, झाडलोट बायकांनी करायची आणि पुरुषांनी शिडीवर चढून तेवढा कंदील टांगायचा, ही वाटणी मनुस्मृतीची आहे, दीक्षाभूमीची नव्हे.

काही कार्यकर्ते म्हणतील, कंदील म्हणजे दिवाळीची नक्कल. कोरियात बुद्ध जयंतीला लोक कमळाचे कागदी कंदील घेऊन मिरवणूक काढतात. त्या उत्सवाला 2020 साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांनी काय दिवाळीची नक्कल केली? आकार तेवढा विचाराने निवडावा. चांदणीऐवजी आठ आऱ्यांचे चक्र करावे. एकेका आऱ्यावर सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंत नावे मुलांच्याच अक्षरात लिहवून घ्यावीत. अक्षर वाकडे आले तर येऊ द्यावे.

आणि सांगाडा फेकू नये. पौर्णिमा झाली की जुना कागद सोडवून कामट्या माळ्यावर ठेवाव्यात. 14 ऑक्टोबरला त्यांच्यावर नवा निळा कागद चढतो.